नाव चुकलं, निरीक्षण नाही

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात ध्रुवीय प्रकाशाचे फोटो टिपण्यासाठी रात्री जागवणाऱ्या हौशी मंडळींना एक जांभळट, अरुंद पट्टा अधूनमधून दिसत असे. नेहमीच्या हिरव्या प्रकाशापासून दक्षिणेला सुटा, पूर्व-पश्चिम ताणलेला. ते त्याला ‘प्रोटॉन कंस’ म्हणत. कॅल्गरी विद्यापीठाचे एरिक डोनोव्हन यांना हे पटलं नाही, कारण प्रोटॉनमुळे उमटणारा प्रकाश नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नसतो. नाव चुकीचं होतं, पण पट्टा खराच होता. मंडळींनी त्याला ‘स्टीव्ह’ म्हणायला सुरुवात केली आणि डोनोव्हन यांनी युरोपीय ‘स्वार्म’ उपग्रहांच्या नोंदी ताडून पाहिल्या. सुमारे 300 किलोमीटर उंचीवर तापमान 3000 अंशांनी चढलेलं आणि 25 किलोमीटर रुंदीचा वायूचा प्रवाह सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावणारा! मार्च 2018 मध्ये याविषयीचा शोधनिबंध ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला, तेव्हा लेखकांच्या यादीत हौशी निरीक्षकही होते.

हौशी माणूस म्हणजे यंत्राची स्वस्तातली बदली, असं समजणारे या गोष्टीतलं मर्म हरवून बसतात. यंत्रं तिथे होतीच. पुढे जुन्या नोंदी धुंडाळल्यावर 28 मार्च 2008 च्या रात्रीचा असाच पट्टा आकाशभर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांत सापडला. त्याच वेळी वरून गेलेल्या उपग्रहाला त्या पट्ट्यात वरून कोसळणारे कण आढळले नव्हते, म्हणजे रूढ अर्थाने हा ध्रुवीय प्रकाशच नव्हता. एवढा मोठा पुरावा दहा वर्षं साठवणीत पडून राहिला, कारण त्याला कुणी प्रश्नच विचारला नाही. ‘हे नेहमीचं नाही’ हे ओळखायला नेहमीचं काय, ते अंगवळणी पडावं लागतं, आणि ते शेकडो रात्री थंडीत उभं राहूनच येतं.

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं राहिलं की डोळ्यांना राखाडी भासणारं आकाश गडद रंगांनी भरतं. लोक राहतात तिथूनच नोंदी येतात. अफवाही पसरतात. पण फोटोत मागे तारे असतात आणि वेळ व जागा अचूक असेल तर ते तारेच दिशा सांगतात. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी टिपलेल्या फोटोंवरून उंचीही काढता येते. फिनलंडमध्ये वाळूच्या लाटांसारखे दिसणारे प्रकाशपट्टे सुमारे 100 किलोमीटर उंचीवर आहेत, हे मिन्ना पाल्मरोथ यांच्या गटाने हौशी निरीक्षकांच्या फोटोंवरूनच 2020 मध्ये मांडलं. एलिझाबेथ मॅकडोनाल्ड यांनी सुरू केलेल्या ‘अरोरासॉरस’ या उपक्रमात ‘आज काही दिसलं नाही’ अशीही नोंद करता येते. मला तिचं मोल फार वाटतं, कारण प्रकाश कुठे संपला हे तीच सांगते.

उपग्रह असताना जुनाट साक्षींची गरज काय, असं विचारणाऱ्यांनी 4 फेब्रुवारी 1872 ची रात्र आठवावी. त्या रात्री मुंबईतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी छापली गेली. तेव्हा एकही उपग्रह नव्हता, त्यामुळे तो प्रकाश किती दक्षिणेपर्यंत पोहोचला याचा अंदाज आजचे संशोधक अशाच साध्या माणसांच्या नोंदींवरून बांधतात. म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंकडे आहे. निरीक्षकांनी मूळ फोटो जपावा, सजवलेली प्रत नव्हे, आणि डोळ्यांना दिसलं की फक्त कॅमेऱ्याला, हे त्यासोबत लिहावं. संशोधकांनी चुकीच्या नावाला हसून निरीक्षण फेटाळू नये, आणि ते खरं ठरलं तर त्या माणसाचं नाव आभारात नव्हे, लेखकांत घालावं.