बिनबियांची काकडी

परवा न्यू जर्सीहून पुतण्याने फोटो पाठवला. हातात काकडी धरून अंगणात उभा, आणि खाली ओळ - "काकू, यंदा एक्झॉटिक काकडी लावलीय!" फोटो मोठा करून पाहिला. फिकट, बुटकी, एका टोकाला तांबूस होत चाललेली. नाव विचारलं तर म्हणाला, "पूना खीरा." तिकडच्या जुन्या वाणांच्या कॅटलॉगात त्याला सापडली म्हणे.

म्हणजे पुण्याची काकडी तिकडे एक्झॉटिक. आणि इकडे शाहूपुरीत आमच्या शेजारच्या गच्चीवर जी हिरवीगार, हातभर लांब काकडी लोंबतेय, ती युरोपातल्या काचगृहांतून आलेल्या जातीची. ती पण एक्झॉटिकच! आधी हसू आलं, मग राग आला. पुतण्यावर नाही हं. त्याच्या काकडीचं निदान बी धरता येतं. राग माझ्यावरच आहे, आणि थोडा तुमच्यावरही. का ते सांगते.

आमच्या सासूबाई कुडाळकडच्या. लग्न होऊन शाहूपुरीत आल्या तेव्हा ट्रंकेत तवश्याचं बी घेऊन आल्या होत्या. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी मोठी काकडी, घाटावरच्यांना पटकन कळायची नाही म्हणून सांगितलं. एक तवसं किसलं की घरादाराची तवसोळी व्हायची. आणि गूळ? गुळाला काय तोटा! शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली तीच मुळी व्यापारपेठ म्हणून, गुळाच्या उलाढालीसाठी. कोकणातलं तवसं आणि कोल्हापूरचा गूळ, असा आमच्या घरात आंतरप्रांतीय विवाहच झाला होता :)

दरवर्षी मृगाचा पाऊस झाला की सासूबाई परसात चार आळी करायच्या. गणपतीपर्यंत मांडव भरायचा. पण पहिल्या चांगल्या फळाला त्या कापडाची चिंधी बांधायच्या, की त्याला हात लावायचा नाही. ते वेलावरच पिकून पिवळं, मग तपकिरी व्हायचं. मग चिरून गर काढायचा, दोन दिवस पाण्यात आंबवायचा. पोकळ बिया तरंगतात, भरलेल्या तळाशी बसतात. तळातल्या धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून डब्यात. ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती आणि त्यासाठी त्यांनी कधी एक पैसा मोजला नाही.

2018 मध्ये मी त्यात शहाणपणा केला. एका दुकानात 'सीडलेस एक्झॉटिक' असं चकचकीत पाकीट दिसलं. 10 बिया, 90 रुपये. म्हणजे एका बीला 9 रुपये! (तेव्हा सासूबाई नव्हत्या, नाहीतर पाकीट घराबाहेर राहिलं असतं.) दुकानदार भला माणूस, त्याने आपणहून सांगितलं, "वहिनी, जवळ दुसरी काकडी लावू नका हं, नाहीतर ही बिघडेल."

कारण असं. या जातीच्या वेलाला बहुतेक सगळी मादी फुलंच येतात आणि परागीभवनाशिवायच फळ धरतं. म्हणून आत बी नाही. पण मधमाशीने दुसऱ्या काकडीचा पराग आणून टाकला की त्याच फळात बी धरतं, एका टोकाला ते फुगतं, वेडंवाकडं होतं. म्हणून ही काकडी हरितगृहात नाहीतर कीटकजाळीत लावतात. म्हणजे बघा, मधमाशी आली तर या काकडीचं नुकसान! माझी आजी हे ऐकून काय म्हणाली असती याची कल्पना करून बघा.

मी ऐकलं दुकानदाराचं. त्या वर्षी तवसं लावलं नाही. पाहुणीसाठी घरच्या माणसाला बाहेर झोपवावं तसं. काकड्या भरपूर आल्या, खोटं कशाला बोलू. पातळ साल, कडूपणा औषधालाही नाही, टोक कापून घासायची गरज नाही. चवीला पाणी. पण फोटोत काय दिसते! 2019 च्या जूनमध्ये पुन्हा नवं पाकीट आणलं, कारण आदल्या वर्षीचं बी धरायला बीच नव्हतं. तवश्याचा डबा खालच्या कपाटातच राहिला.

मग ऑगस्ट 2019 चा पूर आला. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या, त्यापुढे माझ्या डब्याचं दुःख कुणाला सांगायचं? घर पुसायला आठ दिवस गेले. डबा उघडला तेव्हा आत राखेचा चिखल आणि आंबूस वास. तरी बिया वेचून वाळवल्या, 2020 च्या टाळेबंदीत आशेने लावल्या. एकही उगवली नाही.

पुराला दोष देऊ? पूर तर कुणालाच चुकला नाही. पण त्या दोन पावसाळ्यांत मी तवसं लावलं असतं तर पाच-सहा घरांत बी गेलं असतं, जसं आधी जायचं. एकाच डब्यात सगळं उरलं ते माझ्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, काय हो, मिरची, बटाटा, टोमॅटो परदेशीच ना? मग काकडीलाच का सोवळं? हा प्रश्न मला घरातल्याच एका इंजिनिअरने विचारलाय, आणि मोठ्या विजयी मुद्रेने. उत्तर ऐका. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली खरी, पण ती आली तेव्हा तिच्या पोटात बी होतं. इथल्या बायकांनी, शेतकऱ्यांनी ते धरलं, निवडलं, आपल्या मातीत रुजवलं, म्हणून संकेश्वरी झाली, ब्याडगी झाली. गडहिंग्लजच्या बाजारात जाऊन "ही परदेशी मिरची कशी दिली" असं विचारून दाखवा! परक्या मुलखातून येणं हा गुन्हाच नाही. माझी तक्रार अशा पाहुण्याबद्दल आहे जो कधीच घरचा होऊ शकत नाही. आणि काकडीचं तर माहेरच आपल्याकडे. तिची रानटी कडू बहीण अजून हिमालयाच्या पायथ्याशी उगवते.

हरितगृहवाल्या शेतकऱ्याला मी काही शिकवत नाही. त्याला एकसारखा माल लागतो, कर्जाचा हप्ता असतो, त्याने संकरित बी घ्यावं. माझं भांडण गच्चीवरच्या बागवाल्यांशी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याशी. आपल्याला ना बाजार गाठायचाय ना टनावारी. आपली चार वेलांची बाग. जुनं बी जिवंत ठेवणं आपल्याला सगळ्यात सोपं, आणि तेच आपण करत नाही! अकोल्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. मी पण पाठवले, ज्या वर्षी माझं तवसं उगवलं नाही त्याच वर्षी.

कायदाही आड येत नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पुन्हा पेरायचा, देवघेव करायचा हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. पण संकरित फळाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नाही, आणि बिनबियांच्या काकडीत तर तो हक्क बजावायला हातात काहीच येत नाही. तेव्हा "नवीन काहीतरी करून बघायचंय" असं ज्यांना वाटतं त्यांनी पूना खीरा लावावा, राहुरीची पांढरी हिमांगी लावावी, पावसाच्या मुलखात असाल तर दापोलीची शीतल लावावी. नवं पण होईल, बी पण राहील.

असो. माझ्या तवश्याचं पुढे काय झालं? सासूबाईंच्या माहेरी चौकशी केली. तिथे आता कुणी लावत नाही, बाजारातून आणतात. शेवटी नणंदेने तिच्या एका चुलत सासूकडून 14 बिया मिळवून दिल्या. लावल्या, 9 उगवल्या. फळ चांगलं आहे, तवसोळीही छान होते, पण हे ते नव्हे. आमचं फिकं होतं, यावर हिरवे पट्टे आहेत. ते परत येणार नाही, हे मी आता मान्य केलंय.

यंदा शेजारचे गच्चीवाले आले. "वहिनी, तुमच्या त्या येलामुळं आमची काकडी बिघडाय लागलीया. तेवढा काढता का?" माणूस चांगला, पुरात त्यांनीच आमचा फ्रीज वर चढवला होता, त्यामुळे तोंडावर नाही म्हणणं जिवावर आलं. चहा दिला, तवसोळीचे दोन तुकडे दिले, आणि मग सांगितलं की वेल निघणार नाही. त्यांनी मुकाट्याने जाळी आणून लावली. तवसोळी मात्र दोन्ही तुकडे संपवले आणि तिसरा घरी नेला. तेव्हापासून सकाळी सगळ्या मधमाश्या माझ्याकडेच असतात.

एका फळाला चिंधी बांधलीय. दसऱ्यापर्यंत बी वाळेल. ज्यांना हवं त्यांनी कळवा, प्रत्येकी 5 बिया पोस्टाने पाठवीन. पैसे नकोत. पहिलं चांगलं फळ खायचं नाही, एवढं कबूल करा.