कचेऱ्यांचें स्थलांतर

राज्यकारभार म्हटला कीं राजधानी आली, आणि राजधानी म्हटली कीं कचेऱ्या आल्या, हें समीकरण आपल्या मनांत इतकें पक्कें बसलें आहे कीं, त्याविषयीं शंका घेण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. वास्तविक पाहतां, ज्या कचेरीचा मंत्रिमंडळाशीं अथवा कायदेमंडळाशीं रोजचा संबंध येत नाहीं, तिनें राजधानींतच राहिलें पाहिजे असा कांहीं सृष्टिनियम नाहीं. शेतकऱ्याच्या हिताचें खातें शेतापासून हजार मैलांवर कां असावें? ज्यानें खाण कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, त्यानें खाणींचे नियम कसे करावे? शिवाय राजधानींत जागेचें भाडें भारी, गर्दी फार, राहणी महाग. आणि लहान शहरांना मात्र मध्यवर्ती सरकारचें दर्शन कागदावरच व्हावयाचें. अशा विचारानें अलीकडे अनेक देशांत सरकारी कचेऱ्या राजधानीबाहेर हलविण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते स्वागतार्ह आहेत काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय निघतांच महाराष्ट्रीय वाचकास दौलताबादेची आठवण होणें साहजिक आहे. सन १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें देवगिरीस आपली राजधानी केली, आणि थोड्याच वर्षांत पुन्हां दिल्लीचा रस्ता धरला. त्या वेळीं झालेल्या लोकांच्या हालअपेष्टांमुळें ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत कायमचा राहिला. परंतु एवढ्यावरून स्थलांतर मुळांतच वाईट, असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. दक्षिणेवर नजर ठेवण्यास देवगिरी हें ठिकाण सोयीचेंच होतें. चुकलें तें इतकेंच कीं, माणसें म्हणजे पटावरच्या सोंगट्या नव्हेत, ही गोष्ट सुलतानाच्या ध्यानांत आली नाहीं. आजच्या काळींही नेमका ह्याच गोष्टीचा विसर पडतो, हें पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील कृषिमंत्री सनी पर्ड्यू ह्यांनीं आपल्या खात्याच्या दोन संस्था वॉशिंग्टनबाहेर नेण्याचा बेत जाहीर केला. त्यांपैकीं एक संस्था शेतीचें उत्पन्न, धान्याचे भाव, गरीब घरांतील अन्नाची चणचण इत्यादि गोष्टींचा शास्त्रीय अभ्यास करते; दुसरी विद्यापीठांतील शेतकी संशोधनास अनुदानें वांटते. शेतकऱ्याशीं जवळीक होईल, नवीं माणसें मिळणें सोपें होईल, आणि पंधरा वर्षांत सुमारें ३० कोटि डॉलर वांचतील, अशीं कारणें पुढें करण्यांत आलीं. कारणें ऐकावयास गोड होतीं. परंतु नवें ठिकाण कॅन्सस सिटीच्या परिसरांत असेल, हें सन २०१९ च्या १३ जून रोजीं जाहीर झालें. आणि तेथें जाणार कीं नाहीं, ह्याचें उत्तर प्रत्येकानें १५ जुलैपर्यंत द्यावें असें फर्मान निघालें. घर, मुलांची शाळा, पत्नीची अथवा पतीची नोकरी, वृद्ध आईबापांची शुश्रूषा, ह्या सर्वांचा निकाल एका महिन्यांत लावावयाचा होता! सुमारें दोनतृतीयांश माणसांनीं जाण्याचें नाकारलें, ह्यांत नवल तें काय?

ह्या प्रकाराचा परिणाम कामावर झाल्यावांचून राहिला नाहीं. अमेरिकन कायदेमंडळाच्या हिशेबतपासणी कचेरीनें सन २०२२ मध्यें ह्याची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या संस्थेचे अहवाल कमी निघूं लागले आणि दुसरीचीं अनुदानें मंजूर होण्यास अधिक काळ लागूं लागला, असें त्यांत दिसून आलें. पुढें दोन वर्षांत माणसांची संख्या बहुतेक भरून निघाली. परंतु त्यांतील बरींच माणसें नवीं होतीं, आणि जुन्या माणसांबरोबर जो अनुभव गेला तो भरून निघाला नाहीं. खुर्च्या मोजून कचेरीची किंमत ठरवितां येत नाहीं, हें ह्यावरून स्पष्ट होतें. ज्यानें वीस वर्षें गव्हाच्या भावाचा अभ्यास केला आहे, त्याच्या डोक्यांत जें सांठलेलें असतें तें कोणत्याही दप्तरांत बांधून नेतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण त्याच देशांतील सरकारी जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याचें होय. ह्या खात्याच्या ताब्यांत सुमारें साडेचोवीस कोटि एकर जमीन असून ती बहुतेक सर्व पश्चिमेकडील संस्थानांत आहे. तेव्हां खात्याचें मुख्य ठाणें पश्चिमेस असावें, ही कल्पना अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. सन २०१९ मध्यें कोलोराडो संस्थानांतील ग्रँड जंक्शन ह्या गांवाची निवड झाली. एकंदर ३२८ जागा वॉशिंग्टनबाहेर हलवावयाच्या होत्या. त्यांपैकीं २८७ जागांवरील माणसांनीं निवृत्ति पत्करली अथवा दुसरी नोकरी पाहिली. ४१ जण नव्या ठिकाणीं गेले. आणि ज्या गांवाचा एवढा गाजावाजा झाला, त्या ग्रँड जंक्शनला पोंचले अवघे तिघे! सन २०२१ च्या सप्टेंबरांत पुढील सरकारनें मुख्य ठाणें पुन्हां वॉशिंग्टनला आणण्याचें ठरविलें. गांवानें आशेनें दार उघडलें, आणि दारांत कोणी आलें नाहीं, असा हा प्रकार झाला.

ह्याहून खेदाची गोष्ट अशी कीं, माणसें गळणें हाच कांहींच्या दृष्टीनें लाभ होता. सन २०१९ मध्यें राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचे तत्कालीन प्रमुख मिक मल्व्हॅनी ह्यांनीं एका जाहीर भाषणांत, सरकारी नोकरास काढणें जवळजवळ अशक्य असतें, परंतु कचेरी दूर नेली कीं पुष्कळ जण आपण होऊन जातात, अशा आशयाचें बोलून त्याचें कौतुक केलें. जवळीक साधण्याच्या नांवाखालीं हकालपट्टी साधावयाची असेल, तर तें स्थलांतर नव्हे. ज्या शास्त्रज्ञाचा निष्कर्ष राज्यकर्त्यास रुचला नाहीं, त्यास उत्तर देण्याऐवजीं त्याचें टेबल हजार मैलांवर नेऊन ठेवणें हें भ्याडपणाचें लक्षण आहे, असें आम्हांस वाटतें. सन २०२५ च्या जुलै महिन्यांत त्याच कृषिखात्यानें वॉशिंग्टन परिसरांतील सुमारें २,६०० माणसें पांच निरनिराळ्या शहरीं पाठविण्याचा बेत जाहीर केला. तेव्हां हा प्रश्न जुना झाला असें कोणीं समजूं नये.

इंग्लंडचा अनुभवही असाच आहे. लंडनमधील वीस हजार सरकारी जागा बाहेर न्याव्या, अशी शिफारस सन २००४ मध्यें तेथील एका चौकशी समितीनें केली. त्या सुमारास राष्ट्रीय आंकडेवारीची कचेरी वेल्समधील न्यूपोर्ट येथें नेण्यांत आली. लंडनमध्यें काम करणाऱ्या दहांपैकीं सुमारें नऊ जण तिकडे गेले नाहींत. पुढें सन २०१६ मध्यें सर चार्ल्स बीन ह्यांनीं त्या कचेरीच्या कामाची पाहणी केली, तेव्हां ह्या स्थलांतरानें तिच्या अंगच्या कर्तृत्वास मोठा धक्का बसला, असा अभिप्राय त्यांस द्यावा लागला. राष्ट्राचें उत्पन्न वाढलें कीं घटलें हें ज्या आंकड्यांवरून ठरतें, ते आंकडे मांडणारी कचेरी दुबळी झाली, तर त्याचें नुकसान न्यूपोर्टच्या लोकांनाही सोसावें लागतें.

तर मग सर्व कांहीं राजधानींतच राहूं द्यावें काय? तसेंही आम्हांस वाटत नाहीं. जर्मनीचें उदाहरण पाहावें. सन १९९१ च्या २० जून रोजीं तेथील लोकसभेनें ३३८ विरुद्ध ३२० मतांनीं बॉन सोडून बर्लिनला जाण्याचें ठरविलें. बहुमत अवघें अठरा मतांचें होतें. परंतु जिंकलेल्या पक्षानें घाई केली नाहीं. सन १९९४ मध्यें त्याविषयींचा कायदा झाला, आणि लोकसभा प्रत्यक्ष बर्लिनला गेली ती सन १९९९ मध्यें. ठरावापासून प्रस्थानापर्यंत आठ वर्षें! शिवाय बॉन ओस पडूं नये म्हणून मक्तेदारीवर देखरेख ठेवणारें खातें उलट बर्लिनहून बॉनला आणण्यांत आलें, आणि कांहीं मंत्रालयांचें मुख्य ठाणें बॉनलाच राहिलें. त्या देशाचें घटना-न्यायालय तर सन १९५१ पासून कार्ल्सरूह ह्या शहरीं आहे. न्यायाचें आसन राज्यकर्त्यांच्या दारापासून दूर असणें तेथें कोणास कमीपणाचें वाटत नाहीं.

आपल्याकडील दाखला हवा असल्यास पुण्यास शिवाजीनगरकडे जावें. तेथें ‘सिमला ऑफिस’ नांवानें प्रसिद्ध असलेली एक इमारत आहे. पुण्यांत सिमला कोठून आला, असें नवख्यास वाटतें. हिंदुस्थानचें हवामान खातें सन १८७५ मध्यें स्थापन झालें, तेव्हां त्याचें ठाणें कलकत्त्यास होतें; सन १९०५ मध्यें तें सिमल्यास गेलें, आणि सन १९२८ मध्यें सिमला सोडून पुण्यास आलें. सिमला त्या वेळीं सरकारची उन्हाळ्यांतील राजधानी होती. म्हणजे राज्यकर्त्यांचा शेजार सोडून दूरच्या शहरीं आलेलें हें खातें होय. सन १९४४ मध्यें त्याचें मुख्य ठाणें दिल्लीस गेलें. परंतु पुण्यांत जें रुजलें होतें तें गेलें नाहीं. पीक आणि हवा ह्यांचा संबंध अभ्यासणारी शाखा येथें सन १९३२ मध्यें निघाली होती, ती वाढली. सन १९६२ मध्यें उष्ण कटिबंधांतील हवामानाच्या संशोधनाची संस्था येथेंच निघाली. मोसमी पावसाच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाचें काम आजही पुण्यांत चालतें. पाऊस कांहीं राजधानीकडे पाहून पडत नाहीं. मग त्याचा अभ्यास तरी राजधानींतच कां व्हावा? नागपुरासही भारतीय खाण ब्यूरोचें मुख्य कार्यालय आहे, आणि आसपासच्या मँगनीज व कोळशाच्या खाणी पाहिल्या म्हणजे तें तेथें शोभतें, असें कोणीही म्हणेल.

ह्या सर्व उदाहरणांवरून तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही कीं, कचेरीचें काम आणि नवें ठिकाण ह्यांचें कांहीं नातें असावें. केवळ भाडें स्वस्त म्हणून निवडलेलें गांव पुढें महाग पडतें. दुसरी, माणसांस पुरेसा अवधि द्यावा, आणि ज्या गांवीं त्यांस बोलवावयाचें तेथें शाळा, दवाखाना, घरें व घरांतील इतरांस उद्योग ह्यांची तजवीज आधीं करावी. तिसरी, कामाबरोबर अधिकारही पाठवावा. पाटी नव्या गांवीं आणि सही जुन्या राजधानींत, अशी वांटणी झाली म्हणजे फायली प्रवास करीत राहतात, आणि दाराशीं आलेल्या मनुष्यास “वर विचारावें लागेल” हेंच उत्तर मिळतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी नोकर हा लोकांचा सेवक. त्याची सोय पाहतां लोकांची गैरसोय कां करावी? आक्षेप खोटा नाहीं. सैनिक हुकुमाबरोबर निघतो, आणि बदली ही नोकरीच्या अटींतच असते. ज्यास गांवाकडे जाण्याची लाज वाटते, त्याची तरफदारी आम्ही करीत नाहीं. परंतु बदलीमागून बदली सोसणाऱ्या घरांतील मुलें आम्हां शिक्षकांच्या नित्य परिचयाचीं असतात. एका इयत्तेंत तीन शाळा पाहिलेलें मूल हुशार असूनही वर्गांत कसें परकें राहतें, हें ज्यानें पाहिलें आहे, तो स्थलांतराचा हुकूम काढणाऱ्यास एवढेंच विनवील कीं, हुकूम काढा, पण वर्ष संपूं द्या. दया म्हणून नव्हे, तर अनुभवी माणूस टिकला तरच नव्या गांवास खरा लाभ होतो म्हणून.

आणि तो लाभ लहान नाहीं. लहान गांवच्या शाळेंत विज्ञान अथवा गणित शिकणाऱ्या मुलास आज असें वाटतें कीं, आपल्या विद्येचें चीज व्हावयाचें तर दिल्ली नाहीं तर मुंबई गांठली पाहिजे. राष्ट्राच्या कामाची एखादी संस्था आपल्याच जिल्ह्यांत चालते, तेथील मनुष्य आपल्यासारखीच भाषा बोलतो, संध्याकाळीं त्याच बाजारांत भाजी घेतो, हें दिसलें म्हणजे मुलाच्या मनांत राष्ट्र ही दूरची वस्तु राहत नाहीं. म्हणून उद्यां एखादें सरकार आपल्या गांवास मोठी कचेरी देण्याची घोषणा करील, तेव्हां आपण आनंदानें सभा भरवावी. परंतु हारतुरे देण्यापूर्वीं त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे : हें काम आमच्याच गांवीं कां? येणाऱ्या माणसांस अवधि किती दिला? आणि सही कोण करणार?