यादीतले शब्द आणि वाचनाची शिक्षा

२०२२ पासून देशातल्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीला प्रवेश हवा असेल तर 'सीयूईटी' ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. तिचा भाषेचा पेपर तेरा भाषांत घेतला जातो आणि त्या तेरांत मराठी आहे. अभ्यासक्रमात उताऱ्यांचं आकलन आहे. त्याच्या शेजारी समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, योग्य शब्दाची निवड हेही आहे. चार पर्यायांतून एक निवडायचा. बरोबर आला तर पाच गुण, चुकला तर एक वजा. २०२५ पासून प्रश्न पन्नास आणि मिनिटं साठ.

म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. उतारा वाचायला वेळ लागतो, शब्दांची जोडी लावायला लागत नाही. त्यामुळे शिकवणीवाल्यांचा पहिला सल्ला असतो : आधी शब्द उरका. पाचशे शब्दांच्या, हजार शब्दांच्या पुस्तिका निघतात. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा जोडीदार. बारावीची मुलं एप्रिल-मेमध्ये ते घोकत बसतात आणि त्याला 'भाषेची तयारी' म्हणतात. माझं म्हणणं असं की ही तयारी वाचनाच्या मुळावर येते, आणि तसं होण्याला मुलं जबाबदार नाहीत, प्रश्नपत्रिकेचा घाट जबाबदार आहे.

मी अनुवाद करते. दोन शब्दांचा अर्थ 'एकच' आहे असं मानून माझं एक पानही पुढे सरकत नाही. मराठीत सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हडकुळा हे सगळे 'बारीक' माणसाचेच शब्द. यादीत ते एका ओळीत बसतील. पण लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सडपातळ असते, हडकुळी नसते. कादंबरीतली सासू सुनेला किडकिडीत म्हणाली तर त्या एका शब्दात सासू कळते, सुनेबद्दल फारसं काही कळत नाही. कोण बोलतंय, कुणाबद्दल, कोणत्या हेतूने, हे ओळखणं म्हणजे वाचन. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात नेमका हाच भाग कापून टाकलेला असतो.

पाणी, जल, नीर, उदक ही तर शाळेतली पाठ ओळ. पण डोळ्यांत पाणी येतं, जल येत नाही. सरकारचा विभाग जलसंपदेचा असतो, पाणीसंपदेचा नसतो. हे नियम कुठल्याही यादीत नाहीत. ते शेकडो वाक्यं कानावरून आणि डोळ्यांखालून गेल्यावर आपोआप अंगी बाणतात.

या नियतकालिकाच्या वाचकांना तर हे सांगायलाही नको, कारण त्यांच्या घरात दोन-तीन भाषा नांदतात. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की दंड होते. हिंदीत आणि बांगलात 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत टिंगल. बांगलातला 'अभिमान' हा जवळच्या माणसावरचा दुखावलेला रुसवा. मराठीतला अभिमान छाती काढून चालतो. शब्द तोच, लिपीत उतरवला तर अक्षरंही तीच, आणि तरी अर्थ वेगळा. अशा देशात, तेरा भाषांच्या परीक्षेत, शब्दाला त्याच्या वाक्यातून उचकटून 'याचा अर्थ काय?' असं विचारणं हा भाषेबद्दलचा अडाणीपणा आहे.

यातली खरी गंमत अशी की ज्या परीक्षेकडे बघून जगाने हा प्रकार शिकला, तिने तो टप्प्याटप्प्याने सोडून दिला आहे. अमेरिकेतली 'सॅट' १९२६ साली सुरू झाली. अनेक दशकं तिथली मुलं अवघड शब्दांच्या याद्या घोकत होती. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, ते वल्हेकऱ्याचं कशाशी, असा एक प्रश्न तिच्यावरच्या टीकेत पुन्हा पुन्हा येतो. उत्तर होतं 'रेगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घरच्यांचा नौकाविहाराशी संबंध आहे त्याला ते ठाऊक असणार. बाकीच्यांच्या बुद्धीशी त्याचा काय संबंध? १९९४ मध्ये तिथे विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले. २००५ मध्ये असे नात्यांचे प्रश्न गेले. २०१६ मध्ये गाळलेल्या जागा गेल्या आणि शब्दाचा अर्थ उताऱ्यातल्या संदर्भातच विचारायचा असं ठरलं. त्यानंतर सहा वर्षांनी आपण आपली परीक्षा नव्याने आखली, आणि त्यांनी अडगळीत टाकलेलं सामान आपल्या दिवाणखान्यात मांडलं.

अमेरिकेचं सगळं बरोबर आहे असंही नाही. आताची संगणकावरची 'सॅट' पंचवीस ते दीडशे शब्दांचा तुकडा देते आणि त्यावर एकच प्रश्न विचारते. शब्द संदर्भात आला, पण संदर्भच आखडून चतकोर झाला. ज्या मुलाला पुढे महाविद्यालयात चाळीस पानांचं प्रकरण वाचायचं आहे, त्याची ही कसली कसोटी? तेव्हा तिथून उचलायचंच असेल तर त्यांनी काय टाकलं ते बघावं. काय आणलं ते तपासून घ्यावं.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप : सामाईक परीक्षा नसताना काय दिवे लावले होते? २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत काही विषयांची प्रवेशरेषा शंभर टक्क्यांवर गेली होती. तो वेडेपणाच होता. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की एखादी परीक्षा हवी. ती जोड्या लावण्याचीच हवी, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप : आपल्याकडे अमरकोश पाठ करतच होते की! करत होते. पण त्या कोशाचं मूळ नाव 'नामलिंगानुशासन' आहे, आणि तो शब्दाबरोबर त्याचं लिंगही शिकवतो, कारण शब्द वाक्यात वापरायचा आहे हे त्यात गृहीत आहे. शब्द तिथे विषयवार वर्गांत, छंदात बांधलेले आहेत. आणि पाठशाळेतला विद्यार्थी अमरकोशापाशी थांबत नसे. त्याच्यापुढे रघुवंश उघडला जाई. कोश काव्याच्या दाराशी नेत होता. आजची पुस्तिका परीक्षा केंद्राच्या दाराशी नेते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. ज्या घरात पुस्तकं नाहीत, आईवडील शाळेत गेलेले नाहीत, त्या मुलीला ही यादीच काय तो आधार आहे. दीडशे-दोनशे रुपयांत तिला शिडी मिळते, ती का काढून घेता? मला ती काढून घ्यायची नाही. शब्द शिकायलाच हवेत, आणि यादी करून शिकण्यातही काही वाईट नाही. पण ही शिडी अर्ध्यावर तुटलेली आहे. पर्यायांत दोन शब्द जवळच्या अर्थाचे आले की निवाडा वापरावरून होतो, आणि वापर यादीत नसतो. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला तो घरबसल्या मिळालेला असतो. म्हणजे यादीने ज्या मुलीला वाचवायचं, तिचाच एक गुण वजा होतो.

शिवाय तिच्याकडे जे शब्द आहेत, त्यांना इथे किंमत नाही. समजा प्रश्न आला : 'वावर' म्हणजे काय? पर्यायांत 'शेत' आहे आणि 'संचार'ही आहे. विदर्भातल्या मुलीच्या तोंडी वावर म्हणजे शेत. तिचा बाप रोज वावरात जातो. पुण्याच्या मुलीला वावर म्हणजे येणं-जाणं. दोघीही बरोबर आहेत आणि कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यच सांगू शकतं. वाक्य न देता विचारलं, तर उत्तरतालिका करणाऱ्याची बोली तेवढी प्रमाण ठरते. ज्या मुलीकडे 'वावर'चे दोन्ही अर्थ आहेत, ती खरं म्हणजे भाषेने जास्त श्रीमंत. ही परीक्षा तिला गोंधळलेली ठरवते.

मग करायचं काय? सुट्या शब्दांचे प्रश्न भाषेच्या पेपरातून पूर्ण काढा. शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर तो उताऱ्यात विचारा, आणि निदान एक उतारा हजार शब्दांचा असू द्या, ज्यात लेखकाचं म्हणणं मध्येच वळण घेतं. त्याला वेळ द्या. साहित्य आणि भाषा शिकू इच्छिणाऱ्यांकडून एक परिच्छेद लिहून घ्या : या उताऱ्यात लेखक कुणाशी भांडतो आहे? एवढा एकच प्रश्न पुरे.

लाखो उत्तरपत्रिका तपासणार कोण, असं विचारलं जाईल. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीला दरवर्षी चौदा-पंधरा लाख मुलं बसतात आणि त्यांच्या हाताने लिहिलेल्या उत्तरपत्रिका शिक्षकच तपासतात. एक परिच्छेद तपासणं अशक्य नाही. खर्चिक आहे, एवढंच. २०१८ च्या जुलैत यादवपूर विद्यापीठाने इंग्रजी, बांगला, तौलनिक साहित्य अशा विषयांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा रद्द करायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थी उपोषणाला बसले आणि विद्यापीठाला तो निर्णय फिरवावा लागला. आपली परीक्षा कोणी आणि कशी घ्यावी, याबद्दल मुलांना आग्रह असतो. तो आग्रह धरायला शिक्षक, लेखक आणि अनुवादकांनीही शिकायला हवं.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत. आज त्यांतल्या अनेक ठिकाणी अभ्यासिका भरलेली असते आणि पुस्तकांची कपाटं बंद असतात. मुलं त्याच छताखाली दिवसाचे दहा-दहा तास बसून मार्गदर्शकं घोकतात, आणि हातभर अंतरावर असलेल्या कपाटातली कादंबरी उघडणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांचा हिशेब अगदी बरोबर आहे. ज्या दिवशी परीक्षा अशी होईल की कपाट उघडणाऱ्या मुलीला तिच्यात फायदा होईल, त्या दिवशी हा हिशेब बदलेल. तोवर मराठीत 'शिक्षा' या शब्दाचा जो अर्थ आहे, तोच या मुलांच्या वाट्याला येत राहील.