न वापरलेल्या विजेची थकबाकी

गावातली पिठाची गिरणी बंद पडली तर त्याची बातमी होत नाही. बायामाणसं डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावाची वाट धरतात, एवढंच. गिरणी बंद पडण्याचं कारण दरवेळी मोटार किंवा पट्टा नसतो. कधी कधी एका बिलात रीडिंगचा एक आकडा चुकतो आणि त्यातून लाखाची थकबाकी उभी राहते.

हे कसं घडतं ते हिशेबानेच पाहू. समजा, गिरणीला १० हॉर्सपॉवरची मोटार आहे. मागचं रीडिंग ४१,२८६ होतं. या महिन्याचं खरं रीडिंग ४२,०६८, म्हणजे वापर ७८२ युनिट. पण रीडिंग घेणाऱ्या पोराने घाईत ४ च्या जागी ५ दाबला आणि नोंद झाली ५२,०६८. वापर निघाला १०,७८२ युनिट! पुढच्या महिन्यात खरं रीडिंग या आकड्याच्या खाली येतं. मग मीटर 'फॉल्टी' ठरवून सरासरीचं बिल सुरू होतं आणि मूळ चूक थकबाकी म्हणून व्याजासह पुढे सरकत राहते.

गिरणीवाला कचेरीत जातो. "साहेब, एवढं दळण तर अख्ख्या तालुक्याचं नाही," म्हणतो. उत्तर मिळतं, "आधी भरा, मग बघू." किंवा त्याहून गोड उत्तर मिळतं, "हप्ते बांधून देतो." इथेच सांभाळायचं. हप्त्यांच्या अर्जावर बिनशर्त सही केली की थकबाकी कबूल केली, असा अर्थ उद्या काढला जाऊ शकतो.

तोंडी गयावया करण्यापेक्षा साधं गणित लेखी मांडावं. १० हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅटच्या आसपास. मोटारीतली तूट धरून ९ किलोवॅट समजू. ही मोटार पूर्ण भाराने दिवसरात्र, क्षणभरही न थांबता ३० दिवस चालली तरी ६,४८० युनिटच होतात. मग १०,७८२ आले कुठून? आणि गावात लाईट २४ तास असते कुठे, हा प्रश्न वेगळाच.

कचेरी मीटर तपासायला सांगते. तपासावं, जरूर तपासावं. मात्र "मीटर बरोबर आहे" असा अहवाल आला की बिलही बरोबर, असं समजून गिरणीवाले गप्प बसतात. खरं तर तो अहवाल त्यांच्याच बाजूचा असतो. मीटर बरोबर असेल तर त्यावर आज दिसणारा आकडाही बरोबर. आज ४३,६१० दिसत असतील तर दोन महिन्यांपूर्वी ५२,०६८ कसे असतील? मीटर उलटा फिरत नाही. म्हणून सरपंच व दोन पंचांच्या समक्ष रीडिंगची तारीखवार नोंद करावी, मीटरचा फोटो काढावा आणि त्या महिन्याच्या रीडिंगचा फोटो कचेरीकडे लेखी मागावा.

लाईन तोडण्याची भीती असते. धंदा विजेवर, तेव्हा ती असणारच. पण वीज कायदा २००३ चे कलम ५६ नीट वाचलं पाहिजे. एक तर १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. दुसरं, वाद चालू असताना ग्राहकाने मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने दरमहाचं बिल, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती हरकत राखून भरली, तर पुरवठा तोडता येत नाही. कचेरीच्या भाषेत याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. नेहमीचं बिल आठ हजार असेल तर दरमहा आठ हजार भरत राहावं. लाख भरायची गरज नाही. पैसे भरताना सोबत पत्र द्यावं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. चुकीचं बिल आलं म्हणून भरणंच थांबवणारे मात्र स्वतःची बाजू स्वतःच दुबळी करतात.

आणखी एक समज गावात पक्का बसलाय : "दोन वर्षं झाली की बिल बुडतं." तसं नाही. जी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांत बिलात थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नाही, तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही, एवढंच कायदा म्हणतो. राजस्थानातल्या अजमेर वीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. चूक उशिरा लक्षात आली तर कंपनी जादा मागणी काढू शकते. पण मुदत उलटलेल्या मागणीसाठी तिला लाईन कापता येत नाही. वसुलीचे इतर मार्ग तिला मोकळे राहतात.

बिलावर कलम १२६ लिहिलं असेल तर वाट वेगळी. तो अनधिकृत वापराचा आरोप असतो. त्यावर हरकत त्याच अधिकाऱ्यापुढे घ्यायची आणि अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत अपील करायचं. अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून पहिल्या हरकतीतच कागद पुरे द्यावेत.

साध्या चुकीच्या बिलासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे गेलं पाहिजे. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालये मुंबई व नागपूर इथे आहेत. बोर्ड जाऊन २००५ मध्ये कंपनी आली तरी गावात अजून "बोर्डाकडे अर्ज दिलाय" असंच म्हणतात. तो अर्ज बहुधा वायरमनच्या हातात दिलेला असतो आणि त्याची पोच कुणाकडेच नसते.