मडगार्डवरची सीट

परदेशात छोट्या शिडाच्या होड्यांसाठी एक गंमतशीर वस्तू विकत मिळते. होडीच्या मागच्या टोकाला स्टीलचा कठडा असतो, त्याच्या कोपऱ्यात क्लॅम्पने बसवायची सीट. आमच्या परभणीत समुद्र नाही, पण आयडिया ओळखीची आहे. गावातला वेल्डिंगवाला नव्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाइपचा कठडा आणि रेक्झिनची गादी लावून देतो. होडीवरून पडणारा निदान पाण्यात पडतो. मडगार्डवरून पडणारा मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली जाऊ शकतो.

"चालतंय ना, मग बिघडलं कुठे?" असं म्हणणारे भरपूर भेटतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा टेस्ट न करता प्रॉडक्शनवर टाकलेला पॅच आहे. मडगार्ड चिखल अडवायला असतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंगा नसतात, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बसणाऱ्याला. वेल्डिंग कितीही पक्कं असो, जागाच चुकीची आहे.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना, उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली आणि मृत्यू खूप घटले. पण ती चौकट वाचवते आत पट्टा लावून बसलेल्याला. मडगार्डवरचा माणूस बाहेरच राहतो. काही बंद केबिनच्या ट्रॅक्टरमध्ये कंपनीच चौकटीच्या आत, पट्ट्यासकट दुसरी सीट देते. म्हणजे जादा सीट वाईट नाही, ती कुठे आहे हा प्रश्न आहे.

मग बंदी घालायची? ट्रॅक्टरवर माणसं नेऊ नयेत हे १९८९ च्या वाहतूक नियमांतही होतं. उपयोग किती झाला ते दिसतंच आहे. ४ एप्रिल २०२५ ला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगावला, मजूर बायकांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. ७ जणी गेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावाहून त्या हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. त्या काही हौस म्हणून ट्रॅक्टरमध्ये बसल्या नव्हत्या.

म्हणून माझं मत असं, की मजुरी ठरवतानाच रिक्षा किंवा जीपचं भाडं वेगळं धरावं आणि ते शेतमालकाने द्यावं. शेती परवडत नाही हे मान्य, पण तो हिशोब या बायकांच्या जिवावर जुळवायचा का? रात्रीच्या शिफ्टला आपण कंपनीकडे कॅब हक्काने मागतोच ना?

असो. तुमचीही शेती गावाकडे कोणी काका, भाऊ बघत असतील. पुढच्या फोनवर पावसापाण्याचं बोलून झालं की एवढंच विचारा: आपल्या शेतात बायका येतात कशावर बसून?