पुष्पगुच्छ मागवताना

स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ मागवण्याचे काम तुमच्याकडे आले, तर फुलवाल्याला काय विचाराल? बहुधा किंमत आणि रंग. माझ्या मते पहिला प्रश्न ‘फुले केव्हा तोडली?’ हाच हवा.

तोडलेले फूल जिवंत असते. त्याचे श्वसन चालूच राहते, साठवलेली साखर खर्च होत असते आणि उष्णतेत हा खर्च झपाट्याने वाढतो. देठ कापताच त्यातील जलवाहिन्यांत हवा शिरते. पुढे पाण्यात जीवाणू वाढून त्या तुंबतात. मग भांडे भरलेले असूनही फूल तहानेने मान टाकते! तळेगाव दाभाड्याच्या हरितगृहांतला गुलाब शीतगृहात ठेवता येतो. पण लहान गावापर्यंत तो बऱ्याचदा साध्या गाडीतून, उन्हातान्हातच येतो. त्यापेक्षा जवळच्या मळ्यात पहाटे तोडलेला निशिगंध किंवा अ‍ॅस्टर मला केव्हाही बरा वाटतो. सेलोफेनचा चकचकाट नसला म्हणून काय बिघडले?

गुच्छ बांधून मिळण्याऐवजी सुटी फुले आली, तर देठ पाण्याखाली तिरके कापा. पाहुण्यांसाठी आणलेल्या केळ्यांशेजारी मात्र ती ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. वाटाण्याच्या रोपांवर त्याचा परिणाम होतो हे रशियातील नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवले होते. कार्नेशनचे फूल तर त्याने अवेळीच मिटते.

आणि फुलवाला ‘ताजीच आहेत हो’ एवढेच म्हणाला, तर देठांची टोके पाहा. ती तपकिरी, बुळबुळीत असतील तर उत्तर मिळालेच.