कोणते व्हर्जन शिकू?

साताऱ्यात किंवा सांगलीत बीसीएच्या नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात वेब डेव्हलपमेंटचा विषय सुरू झाला, की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास येतो, "सर, कोणते व्हर्जन शिकू?" बऱ्याचदा उत्तर मिळते, "कुठलेही घे, बेसिक सगळीकडे सारखेच." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण हे उत्तर चूक आहे. नवशिक्याने आज चालू असलेली स्थिर आवृत्तीच शिकावी, आणि तीही तिच्याच अधिकृत धड्यावरून.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. वेबसाइट बनवताना लॉगिन, फॉर्म, माहितीचा साठा ही कामे प्रत्येक वेळी नव्याने करावी लागू नयेत म्हणून आयता सांगाडा वापरतात. त्यालाच फ्रेमवर्क म्हणतात. पायथॉन भाषेतले जँगो हे असेच एक फ्रेमवर्क. ते जन्मले एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या लहान शहरातल्या दैनिकाला बातम्यांची पाने झटपट उभी करायची होती, त्यातून ते घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत, साधारण दर आठ महिन्यांनी एक.

आता कराडच्या विद्यानगरात खोली घेऊन राहणारा एखादा विद्यार्थी डोळ्यासमोर आणावा. जेवणाचा डबा बाजूला सारून तो मोबाइलवर २०१७ सालचा जँगोचा व्हिडिओ लावतो आणि लॅपटॉपवर एकेक ओळ उतरवून घेतो. इन्स्टॉल करताना आवृत्तीचा आकडा दिला नाही, की त्याच्या पायथॉनला चालणारी सर्वांत नवी आवृत्ती आपोआप येते. व्हिडिओतले शिक्षक मात्र पत्ते जोडायला 'यूआरएल' नावाचे फंक्शन मागवतात. विद्यार्थीही तेच टाइप करतो, आणि स्क्रीनवर उमटते, 'इम्पोर्ट एरर'. तो स्पेलिंग तपासतो. स्वल्पविराम तपासतो. फोल्डर पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहितो. शेवटी पायथॉनच काढून परत टाकतो. रात्रीचा एक वाजलेला असतो.

त्याचे काहीच चुकलेले नसते. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या जँगो २.० ने त्या कामासाठी 'पाथ' हे सोपे फंक्शन दिले आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये जुने फंक्शन काढून टाकले. व्हिडिओ एका आवृत्तीचा, लॅपटॉप दुसऱ्या आवृत्तीचा. एवढी गोष्ट कोणी सांगितली असती तर काम पाच मिनिटांचे होते. ती न कळल्यामुळे मुले "हे आपल्याला जमणारे नाही" असे ठरवून मोकळी होतात, आणि यात खेड्यातून आलेली, घरात विचारायला कोणी नसलेली मुले आधी गळतात. या सगळ्या प्रकरणातली खरी टोचणारी बाब हीच आहे.

अँग्युलर या दुसऱ्या फ्रेमवर्कची कथा याहून मोठी. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले आणि काही वर्षांत नोकरीच्या जाहिरातींत दिसू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली. भाषासुद्धा टाइपस्क्रिप्ट. नाव तेवढे राहिले, बाकी घर पाडून नवे बांधले. त्याच सुमारास साताऱ्या-सांगलीहून पुण्याला जाऊन, फी भरून जुने अँग्युलर शिकलेल्यांना बरेच काही पुन्हा शिकावे लागले. जुन्याला गूगलने ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत आधार दिला आणि मग तो थांबवला. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोके गूगल बुजवत नाही. अशी आवृत्ती नवशिक्याच्या हातात देणे म्हणजे ब्रेक दुरुस्त होत नाहीत अशा गाडीवर ड्रायव्हिंग शिकवणे.

टर्बो सी++ ची निळी स्क्रीन तर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. ते सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक ठरले १९९८ मध्ये, त्याच्याही नंतर. तरी पुढे कितीतरी वर्षे लॅबमध्ये तेच चालत राहिले आणि तिथे पाठ केलेला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरला दिला, की पहिल्याच ओळीवर तो अडतो.

म्हणून दर सहा महिन्यांनी नव्याच्या मागे धावायचे का? मुळीच नाही. याचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागायतदाराला नीट ठाऊक आहे. तो आधी लावतो डॉगरिजचा खुंट. हा जंगली, काटक, पाण्याची ओढ आणि खारवट जमीन सोसणारा. खुंटाने मूळ धरले, की त्यावर कलम भरायचे, थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, जे वाण बाजारात चालेल त्याचे. पुढे वाण बदलावेसे वाटले तर त्याच खुंटावर नवे कलम भरता येते. मुळे उपटावी लागत नाहीत.

वेबच्या कामातही असा खुंट आहे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती एचटीटीपीची पद्धत, आणि माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारायची एसक्यूएल. एसक्यूएलचे मानक १९८६ चे आहे, आणि त्यातले साधे 'सिलेक्ट' आजही तसेच चालते. हा खुंट चार-सहा महिने नीट वाढू द्यावा. 'बेसिक सारखेच' हे वाक्य याच भागाला लागू पडते. फ्रेमवर्कला नाही.

कलमाची निवड मग फारशी अवघड राहत नाही. जँगो शिकायचे तर ज्या आवृत्तीला दीर्घ मुदतीचा आधार आहे ती घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे आल्यापासून तीन वर्षे. बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली, असे लिहिलेल्या आवृत्तीला नवशिक्याने हात लावू नये. व्हिडिओ खुशाल बघावेत, फक्त त्यातला आवृत्तीचा आकडा आणि आपल्या लॅपटॉपवरचा आकडा एकच आहे ना, एवढे आधी पाहावे. जँगोचा अधिकृत धडा प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा उपलब्ध आहे आणि तो फुकट आहे. इंग्रजीत आहे ही अडचण खरी. पण भाषा सोपी आहे, आणि चुकीच्या आवृत्तीच्या मराठी-हिंदी व्हिडिओपेक्षा बरोबर आवृत्तीचा इंग्रजी धडा बरा.

एक अडचण मात्र पैशाची आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. मोठ्या भावाचा किंवा सेकंडहँड घेतलेला, विंडोज ७ वरचा लॅपटॉप अजून अनेक घरांत आहे. त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढचे चालत नाही, आणि जँगो ५.२ ला किमान पायथॉन ३.१० लागते. अशा वेळी जुने जँगो शिकण्यापेक्षा त्याच लॅपटॉपवर जुन्या मशीनला झेपेल अशी हलकी लिनक्स टाकावी. तीही फुकट आहे. एका दुपारचे काम आहे, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या एखाद्या जाणत्या माणसाने मदत केली तर त्याहूनही कमी.

"पण कंपन्यांत जुनाच कोड असतो" हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. असतो, हे खरे. बँकांत, कारखान्यांत, सरकारी कामांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कोड चालू आहेत. पण ज्याला नवे नीट येते त्याला जुने वाचायला काही आठवडे पुरतात. ते शिकताना कंपनीत विचारायला माणसेही असतात आणि पगारही चालू असतो. खोलीत एकट्याने बसून, बंद झालेल्या आवृत्तीच्या चुका सोडवत बसलेल्या मुलाजवळ यातले काहीच नसते.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० चे. रयत शिक्षण संस्थेने तर शंभरी ओलांडली आहे. शिक्षणाची एवढी जुनी परंपरा असलेल्या या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राध्यापकाला आणि क्लासचालकाला एक विनंती आहे. येत्या सत्राच्या पहिल्या तासाला फळ्यावर तीन गोष्टी लिहा : फ्रेमवर्कचे नाव, आपण शिकवणार असलेल्या आवृत्तीचा आकडा, आणि तिचा आधार संपण्याची तारीख. ती तारीख उलटून गेलेली असेल, तर नोट्स त्याच आठवड्यात बदला.